सुताराचे हात

हातोड्याचा पहिला घाव आरशावर बसला, दुसरा तिच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला, तरी तिचा विश्वास बसेना. समोर तिचाच नवरा उभा होता. गिऱ्हाईक वाट्टेल ते बोललं तरी मान खाली घालून रंधा मारत राहणारा सुतार. गल्लीत त्याला सगळे गोगलगाय म्हणत. आता तो डोळे फाडून तिच्याकडे बघत होता आणि तिला ओळखतच नव्हता.

"कोण तू? माझ्या घरात कशी शिरलीस?" म्हणत त्याने पुन्हा हातोडा उगारला.

शेजारच्या खोलीतून दीर धावत आला. "दादा, टाक तो!" म्हणेपर्यंत त्याच्याच खांद्यावर फटका बसला. मग त्याचंही डोकं फिरलं. कोपऱ्यातली फळी उचलून त्याने सख्ख्या भावाच्या तोंडावर हाणली. दात तुटले, रक्ताची धार लागली, तरी सुतार आवरेना. शेवटी गल्लीतल्या माणसांनी त्याला खाली पाडलं, तुडवलं, दोरीने करकचून बांधलं आणि टेम्पोत घातलं.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात दोरी सोडताच त्याने वॉर्डबॉयच्या हाताचा लचका तोडला, लाथेने सलाईनचा स्टँड आडवा केला.

"भरपूर ढोसलीय," वॉर्डबॉय हात झटकत म्हणाला. "उतरली की येईल ठिकाणावर."

"ते पीत नाहीत हो!" मोडका हात पोटाशी धरून ती किंचाळली. "सकाळपासून डोकं फुटतंय म्हणत होते. उलट्या झाल्या. एकाच्या दोन फळ्या दिसतायत म्हणाले."

डॉक्टरबाई वाकल्या. त्याच्या तोंडाचा वास घेतला. बोटाला टोचून साखर पाहिली, ती ठीक होती. "दारू नाहीये ही. धरा यांना. प्रेशर बघू दे."

माणसं अंगावर बसली तेव्हा कुठे दंडाला पट्टा गुंडाळता आला. आकडा बघून बाईंनी दुसऱ्या हातावर पुन्हा मोजलं. वरचं दोनशे साठ, खालचं दीडशे.

"प्रेशरच्या गोळ्या चालू होत्या?"

"होत्या. बरं वाटतंय म्हणून सोडल्या. मीही कधी हटकलं नाही."

"प्रेशर मेंदूपर्यंत पोचलंय. हे शुद्धीतच नाहीत."

एवढ्यात त्याचं सगळं अंग ताठ झालं. डोळे पांढरे झाले, हातपाय खाटेवर आपटू लागले, तोंडातून रक्ताळलेला फेस आला. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं, आकडी थांबवायचं इंजेक्शन दिलं. शिरेतून प्रेशरचं औषध सुरू झालं, थेंबाथेंबाने.

"एकदम उतरवा ना, डॉक्टर!" दीर ओरडला. "वाट कसली बघताय?"

"एकदम उतरवलं तर मेंदूला रक्त पुरणार नाही. हळूहळूच आणावं लागतं."

डोक्याचा स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. ते ऐकून दीर भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

"वहिनी, गुरासारखं मारलं मी त्याला."

दिराने फळी उचलली तेव्हा "हाणा!" म्हणून तीच ओरडली होती. ते दोघांनाही आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुताराने डोळे उघडले. सुजलेल्या ओठांतून त्याने तिला हाक मारली. मग त्याची नजर प्लास्टरवर गेली.

"अगं, हाताला काय झालं?"

"घसरून पडली वहिनी," दारात उभा राहून दीर घाईघाईने म्हणाला.

"भावजी, खोटं नको." ती खाटेजवळ सरकली. "तुम्ही मारलंत. हातोड्याने. तुम्ही तुमच्यात नव्हतात. गोळ्या सोडल्यात म्हणून झालं हे. आता रोज घ्यायच्या, माझ्यासमोर."

"मी?"

तिने होकारार्थी मान हलवली.

नर्सने गोळी आणली, त्याला उठवून बसवलं. सुताराच्या बायकोने डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरत त्याने फक्त तोंड पुढे केलं. फुटक्या ओठांतून पाणी गळ्यावर ओघळत राहिलं, आणि पेला रिकामा होईपर्यंत तिने हात हलवला नाही.