नाल्यापलीकडची विहीर

बहात्तरचा उन्हाळा. रोहिणखेडच्या शिवारात नाल्याला लागून इंद्रभानची वांग्यांची वाडी होती. विहिरीवर त्याने तेलाचं इंजिन बसवलं तेव्हापासून पाणी खालीच चाललं होतं. मोटेच्या काळात कोणी न पाहिलेला काळा कातळ आता उघडा पडला होता.

भर दुपारी त्याची बायको सत्यभामाबाई पिण्याचं पाणी शेंदत होती. इंजिन बंद होतं, वाडीत चिटपाखरू नव्हतं. पोहरा अर्ध्यावर आला आणि खाली कोणीतरी खोकलं. तिचा हात थांबला. मग एक पुरुषी आवाज समजूत काढावी तसा हळू बोलला, "हरण्या, माफ कर मले. जमीन दगड झाली रे. गाडाचं बळ नाही राह्यलं माह्यात."

मागोमाग काहीतरी जड आपटलं. विहिरीतून गार वारा तिच्या तोंडावर आला. तिने वाकून पाहिलं. तळाशी थोडंसं पाणी, त्यात आभाळाचा तुकडा. माणूस नव्हता.

"ऊन लागलं तुले," तिचं ऐकून इंद्रभान म्हणाला.

पण त्याच आठवड्यात पाण्याला वास यायला लागला. म्हैस बादलीला तोंड लावेना. इंद्रभानला ढाळ झाले. तो बाजेवर पडून असताना तिने विचारलं, "आपल्या इकडं हरण्या कोनाचा आहे?"

"माणिकरावचा बैल. मेला ना आता. काऊन?"

तिने विहिरीकडे बोट केलं. पाण्याचा वास आठवून तो उठून बसला.

माणिकरावचं शेत नाल्यापलीकडे. त्याची विहीर होळीच्या आधीच आटली होती. इंद्रभानला चालवू लागलं तशी दोघं तिकडे गेली.

"बैल? गाडला ना नाल्यात," माणिकराव म्हणाला.

सत्यभामाबाईने ऐकलेले शब्द जसेच्या तसे त्याला सांगितले. हळू आवाजात, खाली बघत. माणिकराव निंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसला.

"वहिनी, मी एकलाच होतो. तुमी कुठं होत्या?"

"माह्या इहिरीवर."

त्याने तोंड झाकून घेतलं. कडब्याची काडी नव्हती, बैल उपाशी मेला होता. टणक जमिनीत पहार शिरत नव्हती, म्हणून त्याने तो बैलगाडीवर घालून कोरड्या विहिरीत लोटला होता.

दुसऱ्या सकाळी माणिकरावच्या विहिरीवर शेजारपाजारचे लोक जमले. इंद्रभानने आधी कंदील सोडला. वारा नसताना तो मध्येच विझला. खालची हवा जड होती. मग दोराला निंबाची डहाळी बांधून सगळ्यांनी ती बराच वेळ खालीवर केली. कंदील तळापर्यंत जळत राहिला तेव्हा इंद्रभान कमरेला दोर बांधून उतरला. तळाजवळ कातळात एक भेग होती, तिच्यातून गार हवा येत होती. बैलाला दोर बांधून झाल्यावरही तो बराच वेळ त्या भेगेपाशी उभा राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. वासामुळे असेल, असं लोकांना वाटलं. हरण्याला सगळ्यांनी मिळून खड्डा खणून पुरलं.

"आपल्या इहिरीत पाणी होतं तवा ते भोक बुजेल होतं," घरी आल्यावर इंद्रभान म्हणाला. "आपल्याच इंजिनानं उघडं केलं."

त्याने वांगी वाळू दिली. विहीर उपसून पाणी शुद्ध करायची पावडर टाकली आणि पिण्यासाठी गावातून घागरी आणल्या. माणिकरावने आपल्या विहिरीभोवती काटेरी कुंपण घातलं. पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला, पाणी कातळावर चढलं. इंजिन आता सकाळी थोडा वेळच चालायचं. विहिरीतून पुन्हा आवाज आला नाही.

दिवाळीत जेवताना इंद्रभान एकदम म्हणाला, "मी त्या इहिरीत होतो तवा भोकातून पोहरा बुडल्याचा आवाज आला. कोनी बाई पानी शेंदत होती. तिनं मले नावानं हाक मारली."

"आपल्या वाडीत कोनी नव्हतं. मी तर वर दोर धरून होती."

"म्हनूनच नाही सांगतलं."

सत्यभामाबाईने भाकरी खाली ठेवली. "मंग? अशा हाकेले ओ देत नाही म्हन्तेत. तुमी देली?"

त्याने ताटातून नजर वर केली नाही.

"हाव, देली."

तिने उठून वाडीकडचं दार तेवढं लावून घेतलं.