शिक्षणाच्या रकान्यात

"शिक्षण किती?" पुण्याहून तक्ता घेऊन आलेल्या माणसाने विचारलं. खडी फोडणारा गोरक्ष मान वर न करता म्हणाला, "निरक्षर."

शेजारच्या ढिगावर बसलेल्या त्याच्या आईला, राहीबाईला, हा शब्द नवा होता. अकरावी पास झालेल्याला सरकारात असंच काही म्हणत असतील, असं वाटून ती मनातून फुलली. पोराला श्रीगोंद्याला शिकवायचं म्हणून तिने वर्षानुवर्षं लोकांची रानं खुरपली होती. दुष्काळाने त्यालाही हातोडी धरायला लावली, तरी शिक्षण वाया जात नाही असं ती चारचौघींत ठासून सांगायची.

मग तो माणूस तिच्याकडे आला. शाळेच्या एकेका वर्षामागे कमाई किती वाढते ते काढायचंय, असं त्याने समजावलं. राहीबाईला बरं वाटलं. कुणीतरी विचारायला आलं एकदाचं.

"मग माझ्या पोराची अकरा वरसं नीट धरा, सायेब. निरक्षर हाय त्यो."

माणूस आधी हसला, मग ओशाळला. "बाई, निरक्षर म्हणजे लिहिता-वाचता न येणारा. मग ही अकरा वर्षं कुठली?"

राहीबाई सुन्न झाली. कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसं झालं तिला. समोर गोरक्षने हळूच मान हलवली. नको.

"चुकून बोलले," ती कशीबशी म्हणाली. "मला अडानी बाईला काय कळतंय?"

भाकरी खाताना गोरक्षने सगळं सांगितलं. शिकलेली पोरं खडीची मापं तपासतात, तक्रारीचे अर्ज लिहितात, म्हणून मुकादम त्यांना कामावर घेतच नाही. त्याने पहिल्याच दिवशी अंगठा उठवला होता. "कळलं तर नाव कापतील, आये."

बायांचा पगार आधी व्हायचा आणि राहीबाई चूल पेटवायला पुढे जायची, म्हणून दोन महिने तिला पत्ताच नव्हता. पुढच्या पगाराला ती मुद्दाम गड्यांच्या मागे रांगेत राहिली. गोरक्षने कुणी न सांगताच अंगठा पुढे केला. जन्मभराची सवय असावी तसा.

तिची पाळी आली. मुकादमाने शाईची डबी सरकवली. तिने पेन मागितलं. गोरक्ष तिसरीत असताना त्याने चुलीपुढच्या राखेत तिला नाव गिरवायला शिकवलं होतं, पण लाजेपोटी तिने ते कुठे लिहिलं नव्हतं. एकेक अक्षर वेडंवाकडं काढत तिने सही केली.

मुकादम बघतच राहिला. "मावशे, तुला कुनी शिकिवलं?"

गोरक्ष तिथेच उभा राहून अंगठा पुसत होता.

"हुता एक शिकलेला आमच्या घरात," ती म्हणाली आणि पेन परत दिलं.