शांतता टिपायला गेलेला माइक

मित्रांनो, मला पाहून तुम्ही शर्टाचं तुटलेलं बटण समजाल आणि फेकून द्याल, म्हणून आधीच ओळख सांगतो. मी एक जुना कॉलरमाइक आहे. मुलाखत देणाऱ्या माणसाच्या शर्टाला मला चिमट्याने अडकवत. कारखान्यात एका बाईंनी शेजारणीला सुनेची गाऱ्हाणी सांगता सांगता माझ्या डोक्यावर स्पंजची काळी टोपी चढवली. पुढे आयुष्यभर जे ऐकायचं होतं, त्याची ती उत्तम पूर्वतयारी होती.

माझे मालक ध्वनिमुद्रक होते. सगळे त्यांना कानसेन म्हणत. त्यांच्यामुळे मी बड्याबड्यांच्या छातीवर मिरवलो. मंत्र्यांच्या भाषणामागची पोटातली गुरगुर मी ऐकली, नटांचे उसासे ऐकले. "हा माइक नाही, माझा तिसरा कान आहे," असं कानसेन म्हणत, तेव्हा मी फुलून जाई. काय दिवस होते ते!

पण माझ्या जन्माचं सार्थक झालं ते एका माहितीपटात. तो एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यावर होता. तरुणपणी ते जमिनीखालच्या खोलीत एका पडद्यावर नजर ठेवून बसत. एके दिवशी पडद्याने दाखवलं, की शत्रूची अणुबॉम्ब घेतलेली क्षेपणास्त्रं निघाली आहेत. नियम असा होता, की फोन उचलून ताबडतोब वर कळवायचं. मग आपलीही क्षेपणास्त्रं सुटणार आणि पुढे नियम पाळायला कुणी उरणार नाही. त्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, की हल्ला नाही, यंत्र बिघडलंय.

यंत्र खरोखरच बिघडलेलं होतं. जग वाचलं, पण इतकं महागडं यंत्र बिघडतं हे उघडं पडल्याने वरिष्ठ नाराज झाले. साहेबांची रवानगी बूट आणि ब्लँकेटांच्या गोदामात झाली. कुणाजवळ बोलायचं नाही, अशी शपथ त्यांच्याकडून घेतली गेली. मग लष्करी वसाहतीत कुजबुज सुरू झाली, की साहेब ड्यूटीवर झोपले होते. त्यांच्या मुलीला शाळेतली पोरं घोरून दाखवत. साहेब गप्प राहिले.

पुढे सरकारनेच ती हकिकत खुली केली, तेव्हा ती मुलगी चाळिशीला आली होती. तिने सगळं पेपरात वाचलं, आणि तिचा राग उतरायच्या ऐवजी चढला. शूटिंगच्या दिवशी आम्हाला चहा देताना ती म्हणाली, "बाप घरात बसलेला असताना त्याची गोष्ट मी पेपरात का वाचायची? बघा, तुमच्याशी तरी बोलतात का."

साहेब फारसं बोललेच नाहीत. दिग्दर्शिका बाईंनी विचारलं, की जरा घाबरून सांगाल का? साहेब म्हणाले, "घाबरायचं ते तेव्हाच घाबरून झालं." जग वाचवल्यावर कसं वाटलं, या प्रश्नावर त्यांनी "आमचं यंत्र तसं नेहमीच बिघडायचं," एवढंच सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मुलगी दाराशी टेकून ऐकत होती आणि तिचा चेहरा अधिकाधिक आंबट होत होता.

मित्रांनो, आमच्या धंद्यात एक रीत आहे. मुलाखत संपली, की त्या खोलीची नुसती शांतता टिपून घेतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि कापलेली वाक्यं जोडताना मध्ये ती भरावी लागते. कानसेनांनी फ्रीज बंद केला, पंखा बंद केला आणि कुणी हलायचं नाही असं बजावलं. सगळे पुतळ्यासारखे बसले.

मी साहेबांच्या छातीवरच होतो. मुलाखतभर संथ चालणारं त्यांचं काळीज एकदम धावू लागलं.

"अशीच होती," साहेब म्हणाले.

कानसेनांनी गप्प करायला हात वर केला. बाईंनी तो धरून खाली ओढला.

"काय अशीच होती?" मुलीने विचारलं.

"फोन ठेवल्यावरची खोली. यंत्र बिघडलंय हे मी ठोकून दिलं होतं. खरं का खोटं, ते बॉम्ब पडले नाहीत तरच कळणार होतं. तोवर सगळे असेच बसलो होतो." ते थांबले. "तू तेव्हा शाळेत असशील, असं मनात येत होतं. डबा खात असशील."

"हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"आधी शपथ होती. मग तू विचारायची थांबलीस."

"तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाला काय विचारायचं, बाबा?" असं म्हणत तिने येऊन त्यांना मिठी मारली आणि मी मध्ये चिरडलो. माझ्या ध्वनिमुद्रणात पुढे नुसती कापडाची खसखस आहे. ती माहितीपटात तशीच ठेवली. एका समीक्षकाने लिहिलं, की शेवटी ध्वनिमुद्रण सदोष आहे. असेल.

कानसेन बिचारे शांतता पुन्हा टिपण्यासाठी ताटकळत राहिले. पण बापलेक बोलायचे थांबेनात. शाळा, गोदाम, आई, सगळं निघालं. अखेर दुसऱ्याच कुठल्या तरी खोलीची शांतता आणून माहितीपट पुरा करावा लागला.

आता बिनतारी माइक आले. मी खणात रबरबँड आणि मेलेल्या बॅटऱ्यांच्या संगतीत पडून असतो. स्पंजची टोपी झुरळांनी खाल्ली. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी गप्प माणूस असेल, तर त्याला विचारत राहा, आणि विचारून झाल्यावर जरा थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. मी ऐकलंय.