सिद्धेशचा प्रेमभंग

देवबागच्या सिद्धेशने आईने पाहिलेल्या मुलीला होकार दिला आणि त्याच संध्याकाळी त्याचा प्रेमभंग झाला.

होकार देताना त्याला कुणी दोरीने बांधलं नव्हतं. बशीभर पोहे खाऊन त्याने स्वतःच मान हलवली होती. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी वाढवली, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची होडी वाळूवर ओढली आणि तिच्या सावलीत पडून दुःख सुरू केलं. ते अख्ख्या वाडीने वाटून घेतलं. मित्र पाळीपाळीने सोबतीला बसत. शेजारच्या विमलाकाकी चहा नेऊन देत. "पोराचा काळीज लोण्याचा," म्हणत.

जिच्यापायी हे सगळं, ती योगिनी मालवणच्या मासळी बाजारात आई जानकीच्या शेजारी बसून सुरमई कापत होती. चार वर्षं ती त्याच्याशीच लग्न होणार असं धरून चालली होती. ते मोडल्याचं तिला मोबाईलवरच्या मेसेजने कळलं. मुळात ती घुमी. आनंद झाला तरी गप्पच. त्यामुळे वाडीने निकाल दिला, "ह्या चेडवाक काळीजच नाय."

आठवड्याभराने सिद्धेश लाल डोळ्यांनी बाजारात आला.

"तुका कायच वाटणा नाय? एकदा तरी रडलंस?"

"होकार कोणी दिलो?"

"आवशीच्या हट्टापायी दिलंय. पण सोसतंय मी!"

योगिनीने कोयता खाली ठेवला. "तू रडलंस तर लोक चाय देतत. मी रडलंय तर 'कितवो म्हयनो?' म्हणान इचारतले."

हे उत्तर त्याला फार लागलं. वाडीत सांगितल्यावर चहा दुप्पट झाला.

पुढे साखरपुड्याच्या तोंडावर त्याने ही कर्मकहाणी नियोजित वधूला, अपेक्षाला, फोनवर ऐकवली. बाईमाणूस आहे, समजून घेईल, असा त्याचा विश्वास. तिने खरंच समजून घेतलं आणि लग्न मोडलं. सिद्धेशचा दुसरा प्रेमभंग. वाडी म्हणाली, योगिनीची नजर लागली.

गिऱ्हाइकाकडून हे ऐकून योगिनी हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला. भर बाजारात, हात मासळीने बरबटलेले, डोळे पुसायचीही सोय नाही. बायका वळून बघू लागल्या.

"काय गो झाला तिका?" एकीने विचारलंच.

जानकीने लेकीच्या हातातला कोयता काढून घेतला. "मासे व्हये तर बोल," ती त्या बाईला म्हणाली. मग योगिनीकडे न बघता, हळूच, "रड गो. गिऱ्हायकाक मी बघतंय."