एकोणीस रिकामे रकाने

बुवांनी पूर्वरंगात माझं नाव घेतलं तेव्हाच मी उठायला हवं होतं. उठलो नाही. मान खाली घातली आणि, देवाशपथ सांगतो, मनातून सुखावलो.

नीळकंठबुवा पुण्याहून आले होते आणि नीउ-व्हेनेप या डच गावात आमच्याच घरी उतरले होते. कीर्तन म्हणजे माझा जीव. बुवांच्या पहिल्या आलापीलाच माझे डोळे भरतात. माझी बायको मंजूषा म्हणते, "ह्यांना नळाखाली बसवलं तरी चालेल, रुमाल वाचतील."

बुवांना जातील त्या गावचा दृष्टांत लागतो. शनिवारी सकाळी पोहे खाताना त्यांनी विचारलं, "श्यामकांतराव, झुइडासच्या त्या काचेच्या मनोऱ्यातल्या ऑफिसात तुम्ही नेमकं करता काय?"

"नदीचं पाणी खारट झालं की वापरणाऱ्यांना किती फटका बसतो, ते मोजतो. कोरड्या उन्हाळ्यात ऱ्हाईनचा ओघ कमी झाला की समुद्र नदीत शिरतो. तेच पाणी कालव्यांतून बागांना जातं."

"मग किती बसतो फटका?"

"आमच्या भागात फारसा नाही. बाहेरून गोडं पाणी आणून द्यावं एवढा तर नाहीच. माझा अहवाल तयार आहे, पाणी द्यायचं की नाही, ते मंगळवारी त्यावरून इथलं पाणी-मंडळ ठरवेल."

"झकास! आज हेच घेतो."

आणि संध्याकाळी घेतलं. "वरचा ओघ मंदावला की समुद्र आत येतो, मंडळी! नामाचा ओघ मंदावला की संसार आत येतो!" टाळ्या पडल्या. बुवा रंगात आले. "पण घाबरू नका हो! आपल्या श्यामकांतरावांनी मोजून पाहिलंय, नुकसान फारसं नाही!"

सगळा हॉल हसला. तिसऱ्या रांगेतली विलमा तेवढी हसली नाही. विलमाचं गुलाबांचं ग्रीनहाऊस आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे. हारासाठी तिने फुकट फुलं दिली होती, म्हणून मंजूषाने तिला आग्रहाने बोलावलं होतं. माझी मुलगी मृण्मयी शेजारी बसून तिला प्रत्येक वाक्य डचमध्ये सांगत होती. हेही वाक्य तिने सांगितलं होतं.

पूर्वरंग संपला. आता मंडळींनी भजन धरायचं आणि यजमानाने बुवांना हार घालायचा. हाराचं तबक घेऊन मी निघालो, तोच मृण्मयीने सदरा ओढला.

"बाबा, विलमा इज आस्किंग. फारसं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी वाकलो. विलमा हळू बोलत होती, मला डच कळावं म्हणून. "तुमचा नुकसानीचा फॉर्म आला होता, जुलैमध्ये. त्या आठवड्यात माझं पावसाच्या पाण्याचं तळं आटलं. कालव्याच्या पाण्याने पानांच्या कडा जळायला लागल्या. मी टँकरच्या मागे पळत होते, श्याम. फॉर्म भरायला कोण बसणार?"

"आणि गुलाब?"

"निम्मे उपटून टाकले." तिने तबकाकडे पाहिलं. "हे उरल्यातले."

बागवाल्यांना मी त्रेचाळीस फॉर्म पाठवले होते, एकोणीस आलेच नाहीत. रकाना रिकामा ठेवला की गणित अडत होतं. मी शून्य घातलं. ज्याचं जळतंय तो ओरडेलच, असं मनाशी म्हणालो आणि चहा प्यायला गेलो. घरापासून दहा मिनिटांवर ग्रीनहाऊस आहे. उन्हाळाभर त्याच्या दारावरून सायकल नेली, पण आत डोकावलो नाही.

"या यजमान!" बुवांनी मान पुढे केली. मी तबक खाली ठेवलं.

"बुवा, मी तुमच्या तोंडून खोटं वदवलं. एकोणीस जणांचं नुकसान मी न विचारताच शून्य धरलं."

बुवांनी माईकवर हात ठेवला. चेहरा एकदम उतरला. "नारदाच्या गादीवरून बोललो हो मी! आता हे दुरुस्त कोणी करायचं?"

"मी."

त्यांनी हात काढला. भजन थांबलं. मी आधी मराठीत सांगितलं, मग माझ्या मोडक्या डचमध्ये, कारण खरं तर ते एकट्या विलमालाच सांगायचं होतं. मृण्मयी खाली बघत होती. एरवी माझं डच चुकलं की ती लगेच दुरुस्त करते.

विलमाने एवढंच विचारलं, "मंगळवारी किती वाजता?"

"दहाला."

"मग उद्या सकाळी ये. बाकीच्या अठरा जणांकडे मी नेते तुला. बोलायचं मात्र तू."

हार शेवटी मंजूषाने घातला. मी बाहेर जाऊन साहेबांना मेसेज केला, की अहवाल थांबवा, चूक माझी आहे. उत्तररंगात बुवांनी कोणतं आख्यान लावलं, मला सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनात बसून कीर्तन ऐकलं नाही.

रविवारी पहिलंच घर एका म्हाताऱ्याचं होतं. वीतभर जागेत सायकल लावून विलमा बाजूला उभी राहिली. मी कोण ते सांगितलं. म्हातारा उंबऱ्यावरच थांबला, आत या म्हणाला नाही.

"माझं नुकसान किती लिहिलं होतंस?"

"शून्य."

त्याने आत वळून बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हिलाही सांग," तो म्हणाला.