ताजं शेण

"अंजना, आमची स्ट्रॉबेरी मरून राहिली वं," सायकलरिक्षातून उतरता उतरता कुसुमताई म्हणाल्या.

अंजनाबाईने मान वर केली नाही. नंदनवन वस्तीतल्या तिच्या दोन खोल्यांपुढे तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येक डब्यात स्ट्रॉबेरीचं एक रोप होतं. भुईमुगाची ढेप चार दिवस भिजवून, गाळून, त्यात दहापट पाणी घालून केलेलं फिकट पिवळं पाणी ती टमरेलाने बेताबेताने घालत होती. पानं हिरवीगार होती, त्यांच्यामधून पांढरी फुलं डोकावत होती. कामावर होती तेव्हा, धरमपेठेतल्या बागेत छाटून टाकलेले धुमारे नेऊ का, असं तिने एकदा कुसुमताईंना विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. त्या धुमाऱ्यांची ही रोपं.

"बसा," अंजनाबाई म्हणाली. बसायला मात्र काही दिलं नाही.

नऊ वर्षं तिने कुसुमताईंच्या नवऱ्याच्या, वकील मधुकररावांच्या धरमपेठेतल्या बंगल्यात बागकाम केलं होतं. महाबळेश्वरहून कुणीतरी स्ट्रॉबेरीची रोपं आणून दिली, तेव्हा नागपुरात हे जगायचं नाही असं ज्याने त्याने सांगितलं. अंजनाबाईने खड्डा खणला, वर्षभर शेण कुजवलं. वास पार गेला, मुठीत धरलं तर चहाच्या भुकटीसारखं बोटांतून गळायला लागलं, तेव्हा कुठे ते मुळाशी घातलं. जोडीला चुलीची राख आणि निंबोळीची ढेप. तिसऱ्या हिवाळ्यात फळं अशी लागली की शेजारचे बंगलेवाले कुंपणाशी उभे राहून बघत.

त्या वर्षी फळाफुलांच्या प्रदर्शनासाठी वकीलसाहेबांनी तेरा फळं झाडावरच राखून ठेवली होती. प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी त्यातलं एकही जागेवर नव्हतं. फाटकापाशी, तीन बंगल्यांतली माणसं बघत असताना, त्यांनी अंजनाबाईला पदर झाडायला लावला. मग ओटी सोडायला लावली. ओटीतून तंबाखूची पुडी तेवढी पडली.

"पोटात गेली असतील," वकीलसाहेब म्हणाले होते. "पोट थोडंच झाडून दाखवणार आहे ही!"

लोक हसले. कुसुमताई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत.

त्यानंतर धरमपेठेत अंजनाबाईला कुणी फाटक उघडलं नाही. गेली दोन वर्षं ती इमारतींवर रेतीची घमेली वाहत होती. घमेलं डोक्यावर चढवलं की दर वेळी तिला ते हसू ऐकू येई.

"नव्या माळ्याने काय टाकलं कोणास ठाऊक, पानं पिवळी पडली. तोही निघून गेला," कुसुमताई सांगत होत्या. "प्रदर्शन महिन्यावर आलं. हे रोज सकाळी उठून माझ्यावरच ओरडून राहिले. तू येशील का?"

"मी येत नाही."

"मग सांग तरी. काय घालते तू? हे कशाचं पाणी?"

अंजनाबाईने टमरेल बादलीत टाकलं आणि बादली पायाने मागे सारली.

"हे निसतं धुण्याचं पाणी होय, बाई. खरं खत वेगळं आहे." ती प्रथमच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली. "ताजं शेण घ्या. सकाळचं, गरम असतानाच. त्यात कोंबड्याची शिट कालवा, जेवढं शेण तेवढीच. घट्ट ठेवा, पाणी नका घालू. अन् मधात जो कोंभ असते ना, त्याच्यावर लिंपा. चांगलं झाकून टाका."

"कोंभावर? तू तर कोंभ उघडा ठेवायची."

"तेव्हा रोपं लहान होती. आता जोर पाहिजे त्याहिले. दर तिसऱ्या दिवशी करा."

कुसुमताईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे सगळं लिहून घेतलं. 'ताजं' या शब्दाखाली रेघ मारली. ती रेघ बघून अंजनाबाईच्या छातीत काहीतरी गार गार पसरलं.

रिक्षा वळताना कुसुमताईंनी हात जोडले. "उपकार झाले वं."

"मोठ्या व्हा," अंजनाबाई म्हणाली.

मग तिने दिवस धरले. पहिल्या दिवशी काही कळायचं नाही. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपतील. दुसऱ्या लिंपणानंतर कोंभ कुजेल. मुळं उष्णतेने काळी पडतील. इमारतीवर रेती वाहताना ती मनातल्या मनात त्या वाफ्यापुढे बसून असे. बरोबरची मीराबाई म्हणाली, "काहून हसून राहिली वं एकटीच?" अंजनाबाई म्हणाली, "झाडाले खत देऊन राहिली."

दहाव्या दिवशी तिने खाडा केला, धुतलेलं लुगडं नेसली आणि धरमपेठेत गेली.

वकीलसाहेबांचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू येत होता. फाटकापाशी शेजारची माणसं जमली होती, त्यांतली दोघं तर तिला पदर झाडायला लावला त्या दिवशीचीच. कुसुमताई वाफ्यापाशी उभ्या होत्या, कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या. बावीस रोपं तपकिरी होऊन आडवी पडली होती.

"कोणत्या शहाण्याने सांगितलं तुला हे?" वकीलसाहेब ओरडत होते. "नाव सांग! नाव तरी सांग त्याचं!"

कुसुमताईंची नजर फाटकाकडे गेली. अंजनाबाई त्यांना दिसली. त्यांनी नजर खाली वळवली.

"कुणी नाही. माझ्याच मनाने केलं," त्या म्हणाल्या.

अंजनाबाईला राग आला तो याचा. दहा दिवस जपलेली गोष्ट ही बाई आपल्या नावावर करून घेत होती. माणसांना बाजूला सारून ती आत शिरली.

"म्या सांगतलं, साहेब."

वकीलसाहेब वळले. तिला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"ताजं शेण म्या सांगतलं. कोंबड्याची शिट म्या सांगतली. रोपं जळतीन हे मले माहीत होतं, म्हणूनच सांगतलं. तेव्हा तुमची फळं म्या खाल्ली नव्हती. हे मात्र माह्याच हातचं आहे. हे कोणाच्या नावावर नका टाकू."

"पोलिसांत देईन तुला!"

"द्या जी. लिहून द्या, अंजनाबाई रामटेकेनं स्ट्रॉबेरीले शेण घालाले सांगतलं."

फाटकापाशी कुणीतरी खुदकन हसलं. या वेळी वकीलसाहेबांचे कान लाल झाले.

"चोरटी ती चोरटीच," ते म्हणाले.

"ती फळं मी खाल्ली होती," कुसुमताई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला.

"पहाटे पाणी घालायला आले होते. एक तोडून खाल्लं. तीन वर्षं झाडं दारात होती, फळं पाहुण्यांना गेली, साहेबलोकांना गेली. मला चव माहीत नव्हती. मग दुसरं खाल्लं. मग थांबताच आलं नाही. तेराही खाल्ली, इथेच, उभ्या उभ्या."

वकीलसाहेबांनी फाटकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "आत चल," ते म्हणाले. त्या हलल्या नाहीत. मग ते एकटेच आत गेले आणि जाळीचं दार त्यांच्यामागे आपटलं.

"तेव्हाच काहून नाही बोलल्या?" अंजनाबाईने विचारलं.

"भीती वाटली गं."

"मलेबी वाटली होती, बाई."

कुसुमताईंनी शेणाच्या हाताने वाफ्याकडे बोट दाखवलं. "यातलं काही वाचेल का?"

अंजनाबाई खाली बसली. वीस रोपं मेलेली होती, ते तिला बघताक्षणीच कळलं होतं. भिंतीकडच्या दोन रोपांचे कोंभ मात्र आतून अजून हिरवे होते. शेण खरवडून, मुळं धुऊन नव्या मातीत लावली असती, तर आठवड्यात पानं फुटली असती. तिने बोटाने एका कोंभावरचं शेण बाजूला केलं. तो घट्ट होता, पेन्सिलीच्या टोकाएवढा. ही रोपं तिनेच वाढवली होती, थंडी कडक पडली की पोत्याखाली झाकली होती.

"नाही," ती म्हणाली.

मग तिने मेलेली वीस रोपं एकेक करून उपटली. ती सहज निघाली. शेवटी भिंतीकडची दोन. त्यांनी माती सोडली नाही. तिला दोन्ही हातांनी ओढावं लागलं, तेव्हा ती मुळांसकट आली, पांढऱ्या, ओल्या मुळांसकट. कुसुमताईंना ते दिसलं. तिने बावीसही रोपं पायरीवर ओळीने ठेवली.

"नळावर हात तरी धू," कुसुमताई म्हणाल्या.

"राहू द्या."

फाटकातली माणसं आपोआप बाजूला झाली. कोपऱ्यावर तिला सीताबर्डीची बस मिळाली. बसायला जागा नव्हती. तिने दोन्ही हातांनी वरची दांडी धरली. शेण आता वाळून बोटांवर तडकायला लागलं होतं. शेजारचा गृहस्थ नाकाला रुमाल लावून दोनदा खाकरला, मग शक्य तेवढा सरकला. अंजनाबाई खिडकीबाहेर बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. तिने ते तसंच वाहू दिलं, आणि दांडी सोडली नाही.