वेल्माचे पट्टेरी भोपळे

वेल्मा थर्लोच्या परसातले वाकड्या मानेचे पिवळे भोपळे म्हणजे घराण्याची अब्रू. बी आईकडून आलेलं, आईला तिच्या आईकडून. दरवर्षी एक भोपळा झाडावरच जून होऊ द्यायचा, त्याचं ताजं बी ठेवायचं आणि जुनं फेकायचं, ही आईची शिस्त. जत्रेतल्या भाज्यांच्या स्पर्धेत पहिल्या नंबराची निळी फीत ठरलेली. तिथला नियम एकच: ताटलीत पाच, आणि पाचही एका साच्यातले.

यंदा एक निघाला पिवळा, दोन हिरवे, एक पट्टेरी आणि एक अर्धा असा, अर्धा तसा.

चोर कोण हे सांगायला पंचांग नको होतं. त्या गावात घराला कुणी कुलूप लावत नसे, पण ऑगस्टात गाडीला हटकून लावत. नाहीतर कुणीतरी घरात खपेना झालेली हिरवी झुकिनी आत टाकून पळे. त्या टोळीचा म्होरक्या शेजारचा रॉस्को डायर. वेल्मा ताटली घेऊन त्याच्या ओट्यावर धडकली.

"तुझ्या झुकिनीनं माझ्या आईचं बी बाटवलं!"

"हा पट्टेरी गोड आहे गं."

"दात काढू नकोस! इतकी वर्षं वाचलं, पण गेल्या साली तुझ्या झुकिनीवरच्या मधमाश्या माझ्या फुलांवर आल्या."

"गेल्या साली? अगं, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काही लावलंच नव्हतं मी. त्याच्या आदल्या साली शेवटची झुकिनी आली, बेसबॉलच्या बॅटएवढी. ती तुलाच दिली. किसून तिचा गोड ब्रेड केला, बोटं चाटत खाल्ला म्हणालीस."

वेल्माची नजर कुंपणापलीकडच्या आपल्या खताच्या ढिगाकडे गेली. ती बॅट रॉस्कोची पाठ वळताच त्याच ढिगात गेली होती. गेल्या उन्हाळ्यात ढिगावर एक झाड आपसूक उगवलं, आणि आपल्याच भोपळ्याचं समजून तिनं ते राहू दिलं होतं. त्याला फळ धरलंच नाही, नुसती फुलं आली; मधमाश्या तिथूनच आल्या होत्या.

"खतात टाकलीस ना?"

"टाकली! चाळीस वर्षं टाकतेय. मला झुकिनी आवडत नाही, रॉस्को."

आणि ती पायरीवर बसून चक्क रडायला लागली. फीत गेली खड्ड्यात, पण आईचं बी तिच्या हातून बुडालं होतं.

रॉस्को आत गेला आणि एक बरणी घेऊन आला. तळाशी चपट्या बिया होत्या.

"गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तू दिलेलं बी. न बाटलेलं."

"पेरलं नाहीस? मधासारखे लागले म्हणालास की!"

"मला पिवळा भोपळा बघवत नाही. पण तुझ्या आईचं बी. टाकवलं नाही."

वेल्मानं झडप घातली. त्यानं बरणी पाठीमागे नेली आणि दुसऱ्या हातानं टेबलावरची बशी पुढे सरकवली. यंदाच्या झुकिनीच्या ब्रेडचा जाडजूड तुकडा होता.

"आधी हा. माझ्यासमोर. सगळा."

वेल्मानं नाक पुसलं, आईचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.